ब्रेकमधली हवा

सकाळी त्याचा पाय ब्रेकपर्यंत पोचला नाही. झालं एवढंच. दिवसाआड खाली उतरायचं, गाडीत बसायचं, इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचं, म्हणजे बॅटरी बसत नाही, हा त्याचा नेम होता आणि या नेमाला तो चारचौघांत 'गाडीचं मीच बघतो' असं म्हणत असे. आज तो रोजच्यासारखा आत बसला, दार रोजच्यासारखं दोनदा आपटून लावलं, पाय पुढे केला आणि पाय तसाच अधांतरी राहिला. क्षणभर त्याला वाटलं, आपण झोपेत आखूड झालो. पन्नाशीनंतर माणूस आखूड होतो असं त्याने कुठेतरी वाचलं होतं, पण ते सावकाश होतं असंही तिथे छापलं होतं. मग त्याच्या लक्षात आलं की सीट मागे सरकवलेली आहे. अगदी शेवटच्या खाचेपर्यंत. गाडी घेतल्यापासून त्या खाचेत सीट गेलेली त्याने पाहिली नव्हती. ती खाच कोणासाठी केली असेल, याचा त्याने कधी विचार केला नव्हता. आता केला.

त्याची बायको त्याच्यापेक्षा वीतभर बुटकी. ती चालवायला बसली की सीट इतकी पुढे यायची की ती स्टिअरिंगच्या कानात काही सांगते आहे असं वाटावं. तो बसला की जरा मागे. या दोन जागांच्या मध्ये सीट इतकी वर्षं ये-जा करत होती, आणि संसार म्हणजे साधारण एवढंच, यापलीकडे त्याची काही तक्रार नव्हती. तो घसरत घसरत खाली सरकला आणि चवड्याने कसाबसा ब्रेक दाबला. पेडल दगडासारखं घट्ट. गेल्याच आठवड्यात ते साय दाबल्यासारखं खाली जात होतं. म्हणजे ब्रेकची हवा काढली गेली होती. त्याच्याशिवाय. तो तसाच आडवातिडवा, मान सीटच्या मध्यावर आणि गुडघे डॅशबोर्डखाली, बसून राहिला. इंजिन चालू करायचं राहूनच गेलं.

ब्रेकची हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबायचं आणि दाबून धरायचं. दुसऱ्याने गाडीखाली आडवं होऊन चाकामागचा बोंडाएवढा निपल पान्याने किंचित ढिला करायचा, म्हणजे तेलाबरोबर अडकलेली हवा फुसफुसत बाहेर येते. मग निपल आवळायचा, आणि तो पुरता आवळेपर्यंत वरच्याने पाय उचलायचा नाही. उचलला तर बाहेरची हवा उलटी आत शिरते. असं चारही चाकांना, तेल स्वच्छ येईपर्यंत. "द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते," असं बायको म्हणायची. ती कॉलेजात फिजिक्स शिकवते, त्यामुळे घरात बिघडणाऱ्या प्रत्येक वस्तूमागे एखादा नियम असतो. "पायाचा जोर चाकापर्यंत पोचायचा तर मध्ये दबणारं काही असता कामा नये." घरात दबणारं काय काय आहे, याची त्याच्याकडे वेगळी माहिती होती, पण ती त्याने कधी वर्गापुढे मांडली नाही.

सुरुवातीला गाडीखाली तोच गेला होता. तेव्हा गाडी त्यांच्याकडे नवी होती, म्हणजे दुसऱ्या कोणाकडे जुनी झालेली होती. पाठीवर सरपटत आत जाताना आपण पुरुषासारखे दिसत असू असं त्याला वाटलं, आणि लगेच डोळ्यात तेल गेलं. बायकोने त्याला पायांना धरून बाहेर ओढलं, नळाखाली त्याचा डोळा धुतला, त्याचीच जुनी पँट चढवून पायांत दोन घड्या घातल्या आणि ती खाली गेली. ती जी गेली ती गेलीच. कार्बोरेटर, क्लचची तार, सायलेन्सरला तारेने बांधलेला पत्रा, सगळं तिच्या हातचं. त्याच्याकडे उरलं ते पेडल. पण पेडल त्याचं होतं. तो आत बसायचा, समोरच्या काचेतून पार्किंगची भिंत बघायचा, आणि खालून, त्याच्या मांडीच्या खालून कुठूनतरी, तिचा आवाज यायचा. दाब. मग थोडी शांतता. धर. मग पान्याची किरकिर, एक लांब सुस्कारा, तो हवेचा की तिचा हे कळायचं नाही. सोड.

एरवी ती त्याला अहो म्हणते. हे तिने लग्नानंतर सासूबाईंसाठी लावून घेतलं होतं. सासूबाई गेल्या आणि ते काढायचं राहून गेलं, तसबीर उतरवल्यावर खिळा राहतो तसं. अहो, दूध आणा. अहो, तुमचा फोन. पण ओल्या बोटांनी निपल धरलेला असताना दाबा, धरा, सोडा म्हणायला फुरसत नसते. वर्षातून दोन-तीनदा, एखाद्या सकाळी, गाडीच्या पत्र्यातून ती त्याला अरे-तुरे करायची आणि त्याच्या पोटऱ्यांत काहीतरी हलायचं. तिला याचा पत्ता नव्हता. त्याने सांगितलंही नव्हतं. सांगितलं असतं तर तिने चूक सुधारली असती. ब्रेक मऊ लागायला लागला की त्याला आतून बरं वाटायचं. इतर माणसं अशा वेळी घाबरतात.

आणि आता कोणीतरी लांब पायांचा माणूस त्या सीटवर बसला होता, आणि खालून त्यालाही हाका गेल्या होत्या. दाब म्हणाली असेल की दाबा? धरा म्हणाली असेल, तर त्याला चालण्यासारखं होतं. तो लिफ्टने वर गेला. बायको प्रयोगवह्या तपासत चहा पीत होती.

"गाडी बघितली," तो म्हणाला.

"बरं."

"पेडल घट्ट झालंय."

"हो. काढली मी हवा, बुधवारी. मला सुट्टी होती ना." तिने एका वहीवर लाल फुली मारली. "ही मुलगी उत्तर आधी लिहिते आणि प्रयोग नंतर करते."

कोणी दाबलं, हे विचारायला त्याने तोंड उघडलं आणि बिस्किट घातलं. विचारणं त्याच्या धंद्यात बसत नव्हतं. तो वजनकाटे तपासणारा निरीक्षक होता. दुकानदाराला 'तुमचा काटा बरोबर आहे का हो?' असं विचारून कोणी निरीक्षक झाला नाही. न सांगता जायचं, आपली वजनं आपल्या पेटीतून काढायची, ठेवायची, बघायची. काटा खोटा असला तरी चेहरा हलू द्यायचा नाही. त्याचा चेहरा हलला नाही. बिस्किट तेवढं घशात अडकलं आणि तिने वहीवरची नजर न काढता पाण्याचं भांडं पुढे सरकवलं, आणि हा काळजीचा पुरावा मानायचा की अपराधाचा, हे त्याला ठरवता येईना.

लांब पायांचा माणूस शोधायला फार लांब जावं लागलं नाही. तो वरच्या मजल्यावर राहत होता. दातांचा डॉक्टर, लिफ्टमध्ये शिरताना मान झुकवायचा, त्यामुळे सगळ्यांना तो नम्र वाटायचा. एकटाच. त्याची गाडी नवी, इतकी नवी की सीटवरचं प्लास्टिक त्याने अजून काढलं नव्हतं, आणि तिच्या डिकीत लाल पेटीत पान्यांचा सेट होता, सगळे पाने आपापल्या खळग्यांत झोपलेले, एकालाही तेलाचं बोट लागलेलं नाही. "वहिनी, काही लागलं तर हक्काने मागा," असं तो ती पेटी उघडून म्हणायचा, आणि बायको त्या पान्यांकडे जशी बघायची तशी ती दागिन्यांच्या दुकानातही बघत नसे. माणसांच्या तोंडात दिवसभर हात घालणाऱ्याची बोटं लांब आणि स्वच्छ असणारच. पण पाय? पायांचा दातांशी काय संबंध? तरी त्या दिवसापासून त्याला जिन्यावर, लिफ्टच्या फटीत, गेटपाशी सगळीकडे डॉक्टरचे पाय दिसायला लागले. एकदा डॉक्टर पुढे चालत असताना त्याने त्याच्या ढांगेचा अंदाज घेतला. अंदाजाबाबत त्याचा लौकिक होता. शेवटची खाच. नेमकी शेवटची.

कचेरीत एक मोठा कारकून होता, मिशांमुळे सगळे त्याला कर्नल म्हणत. त्याच्याकडे याहून जुनी गाडी होती. त्याला याने, सहज विषय निघाल्यासारखं, विचारलं.

"कर्नल, ब्रेकची हवा एकट्याला काढता येते का हो?"

"एकट्याला?" कर्नलने चष्मा कपाळावर चढवला. "साहेब, भांडण एकट्याला करता येतं. आमची ही करते. पण हवा? छे. मी खाली आणि मेव्हणा वर. मेव्हण्याला तेवढ्यासाठीच जेवायला बोलावतो."

"पण समजा, दुसरं कोणी नाहीच."

"मग गाडी विकायची," कर्नल म्हणाला. "का? वहिनी माहेरी गेल्या की काय?"

तो हसला. पेटीतली पितळी वजनं मऊ फडक्याने पुसताना त्याच्या मनात आलं, की आपण इतकी वर्षं दुसऱ्यांचे काटे तपासले आणि घरात काटा आहे हेच विसरलो. मग हे वाक्य फारच बरं जमलं म्हणून त्याला स्वतःचाच राग आला. मत्सर म्हणजे काहीतरी लालभडक, धगधगणारं असेल अशी त्याची समजूत होती. हा तसा नव्हता. हा एक बुडबुडा होता. नळीत कुठेतरी बसलेला, दिसत नसलेला, आणि त्याने कशावरही जोर द्यायला गेलं की आधी तोच दबायचा. बायकोने 'जेवायला वाढू का' म्हटलं, की बुडबुडा. ती हात धुताना गुणगुणली, की बुडबुडा. आधी गुणगुणायची का ही?

शनिवारी त्याला अर्धा दिवस असतो, तिला पूर्ण. तो घरी आला, तिच्या कपाटातून तिची, म्हणजे त्याची, जुनी पँट काढली आणि घातली. पायांच्या घड्या तशाच ठेवल्या. विचार साधा होता: हवा पुन्हा आत गेली, तर ती पुन्हा काढावी लागेल. उद्या रविवार. ती बसेल, पेडल खाली जाईल, ती म्हणेल, अहो, जरा खाली या हो. आणि मग आपण आपल्या जागेवर. उद्यापर्यंत गाडीला कोणी हात लावणार नव्हतं. ती बाहेर निघायची ती रविवारीच. या विचारात कुठे चूक आहे असं त्याला वाटलं नाही. मापात थोडी खोट करून सगळा व्यवहार सुरळीत चालतो, असं बरेच दुकानदार त्याला सांगत आले होते. आज प्रथमच त्याला त्यांचं म्हणणं पटलं.

तो गाडीखाली गेला. पहिल्या वेळेनंतर आज पुन्हा. खाली वेगळंच जग होतं. गंज, गारवा, जुन्या तेलाचा गोडसर वास, आणि जिथे तिथे तिने केलेल्या गोष्टी: तारेचे नीट वळवलेले पीळ, नळीवर गुंडाळलेली चिकटपट्टी, एका बोल्टला लावलेला तिच्या नेलपॉलिशचा ठिपका, तो हलला की कळावं म्हणून. या गाडीखाली ती किती राहून गेली आहे, आणि किती नीटनेटकी. घरात तिची कपाटंसुद्धा अशी नव्हती. वर पेडल दाबणाऱ्याचं इथून काहीच दिसत नव्हतं. पाय नाही, चप्पल नाही. वर कोण आहे याने इथे काहीच फरक पडत नव्हता, आणि हे त्याला अजिबात आवडलं नाही. त्याने निपलवरची रबरी टोपी काढून खिशात टाकली आणि पाना लावला.

तेवढ्यात बूट आले. लांब, काळे, चकचकीत. त्याच्या बाहेर आलेल्या पायांपाशी थांबले.

"काय वहिनी, आज पुन्हा?" डॉक्टरचा आवाज, वाकलेला. "परवाचं जमलं ना मनासारखं? म्हटलं होतं ना, उगाच संकोच करत होतात. पुन्हा लागलं तर आहेच घरात. केव्हाही."

तो गाडीखाली दगड होऊन पडला. पँटच्या घड्यांनी त्याला वाचवलं होतं, की बुडवलं होतं. काहीतरी उत्तर देणं भाग होतं म्हणून त्याने पाना पत्र्यावर दोनदा वाजवला. "बरं बरं, चालू द्या," असं म्हणून बूट निघून गेले. संकोच. केव्हाही. त्याने निपल ढिला केला, सरपटत बाहेर आला, आत बसला, पेडल दाबलं आणि सोडलं, दाबलं आणि सोडलं. बाहेर तेलाचा चूळ भरल्यासारखा आवाज येत होता. मग पुन्हा खाली जाऊन त्याने निपल आवळला. परत वर येऊन पेडल दाबलं, तर पाय थेट जमिनीला टेकला. दोन माणसांचं काम त्याने एकट्याने केलं होतं, उलट्या बाजूने. त्याला अभिमानासारखं काहीतरी वाटलं.

वर येऊन त्याने पँट जागेवर ठेवली, हात साबणाने दोनदा धुतले आणि खिडकीत पेपर घेऊन बसला. डोळा लागला असावा. जाग आली ती इंजिनच्या आवाजाने. त्या आवाजात एक खोकला होता, तो जगात दुसऱ्या कोणत्याही गाडीला नव्हता. त्याने खाली पाहिलं. बायको कॉलेजातून परस्पर गाडीत बसली होती; मागच्या सीटवर कॉलेजच्या प्रदर्शनाला पोचवायचे पुठ्ठे आणि नळ्या भरलेलं खोकं. गाडी पार्किंगमधून उलटी बाहेर निघत होती, उताराकडे. आणि गाडीच्या मागे, गेटच्या खांबाला पाठ लावून, डॉक्टर उभा होता, लांब हातांनी तिला वाट दाखवत. "या वहिनी, या, येऊ द्या, येऊ द्या."

थांब हा शब्द त्याच्या तोंडात तयार होता. जिभेवर होता. आणि तो बाहेर पडण्याआधी त्याने डॉक्टरच्या पायांकडे पाहिलं. ते बंपरच्या मागे, गुडघ्यापासून खाली, किती लांब आणि किती निर्धास्त होते. तो एक श्वास त्याने घेतला आणि धरून ठेवला. गाडी येत होती. येऊ द्या, डॉक्टर म्हणत होता. बुडबुडा म्हणत होता, येऊ द्या.

"थांब!" तो ओरडला. "थांब, थांब, ब्रेक नाहीये! हँडब्रेक ओढ!"

सगळ्या इमारतीच्या खिडक्या उघडल्या. गाडीने ऐकलं नाही, मग बायकोने ऐकलं; हँडब्रेकची खरखर झाली आणि गाडी डॉक्टरला खांबाशी चिकटवून उभी राहिली. तो धावत खाली गेला तेव्हा डॉक्टर पँटवर उमटलेली बंपरच्या धुळीची आडवी रेघ बघत होता. काही लागलं नव्हतं. चेहरा मात्र खडूसारखा.

"वहिनी," तो बारीक आवाजात म्हणाला, "थोडी हवा राहिलीय वाटतं."

बायको उतरली होती. गाडीखाली वाकली, मागच्या चाकामागे हात घातला, ओली बोटं उजेडात धरली, वास घेतला. टोपी नसलेला निपल तिने बोटाने चाचपला. मग तो, काय झालं बघू, म्हणून तिच्या शेजारी वाकला, आणि तिने त्याच्या पाठीकडे पाहिलं. हात धुतले होते, पँट बदलली होती. सदऱ्याच्या पाठीवर अख्खी गाडी उमटली होती.

"तुम्ही," ती म्हणाली. हा प्रश्न नव्हता.

"सीट मागे होती," तो म्हणाला.

"काय?"

"बुधवारी. सीट पार मागे होती."

ती त्याच्याकडे बघत राहिली. वर्गात एखाद्याने उत्तर आधी लिहिलेलं असावं तशी. मग डॉक्टरकडे वळून म्हणाली, "डॉक्टर, तुम्हाला लागलं नाही ना? बसा हवं तर जरा. नाही? मग परवाची ती पुन्हा द्याल का?"

डॉक्टर सुटका झाल्यासारखा लिफ्टकडे गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात एक कुबडी होती. ॲल्युमिनियमची, लांबी कमी-जास्त करता येणारी, काखेत रबर. "आईची," तो ओशाळून त्याला म्हणाला. "कंबर मोडली होती तेव्हाची. आता बहिणीकडे तुरुतुरु चालते. वहिनी घ्यायलाच तयार नव्हत्या, म्हातारीची वस्तू म्हणून. म्हटलं, पडूनच आहे घरात." आणि आपली इथे गरज उरली नाही हे ओळखून, मान झुकवून, तो निघून गेला.

तिने गाडी ढकलून जागेवर घ्यायला लावली; ढकलायला नवरा चालला. मग चाकांना विटा लावून तिने सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे नेली, कुबडीचं रबर सीटच्या पाठीत रुतवलं आणि दुसरं टोक पेडलवर टेकवून हिसक्याने बसवलं. जुन्या सीटच्या स्प्रिंगा दबून राहिल्या. पेडल खाली जाईल तशा त्या कुबडीला पुढे लोटत राहणार होत्या. कुबडी पेडल धरून होती, घट्ट, न हलता, न चुळबुळता. पुन्हा पुन्हा बसवावी लागायची, पण हाक द्यावी लागत नव्हती.

"मी दाबतो ना," तो म्हणाला.

"उभे राहा तुम्ही."

"मला बोलवायचं होतंस."

"बोलावलं होतं. तुम्ही म्हणालात, बघू." ती खाली गेली. पत्र्यातून आवाज आला, पण त्याच्यासाठी नव्हता, नुसता पान्याचा. तो उभा राहिला. आतल्या अंधारात कुबडी त्याच्या जागेवर तिरपी बसली होती. तिथे डॉक्टर असता तर बरं झालं असतं, असं त्याला स्वच्छ वाटलं. डॉक्टरशी भांडता आलं असतं, निदान त्याच्यापेक्षा वरचढ दात काढून दाखवता आले असते. या काठीला काय विचारायचं? हिला ती काहीच म्हणत नव्हती. अहो नाही, अरे नाही. हिला नुसतं जमत होतं. इतका मत्सर त्याला डॉक्टरचाही वाटला नव्हता.

चारी चाकं झाली. तिने हात पुसले, कुबडी काढली, सीट आपल्या मापाने पुढे ओढली आणि बसली. मग पलीकडचं दार आतून उघडून म्हणाली, "बसा."

"कशाला?"

"तपासायला नको? तपासणारे तुम्ही ना?"

तो तिच्या शेजारी बसला. गेटबाहेर रस्ता सरळ उतारावर होता, आणि उताराच्या टोकाला पाण्याच्या टाकीची भिंत, रस्ता तिथे वळायचा. तिने गाडी बाहेर काढली आणि सोडली. आधी सावकाश, मग नाही. मागच्या खोक्यातल्या काचेच्या नळ्या किणकिणायला लागल्या. दुकानं, झाडं, एक सायकलवाला मागे गेला. ती समोर बघत होती, हात स्टिअरिंगवर हलके, आणि तिचा पाय कुठे आहे ते त्याला दिसत नव्हतं.

"धरेल ना?" त्याने विचारलं.

भिंत मोठी झाली, तिच्यावरचा ओलीचा नकाशा दिसायला लागला, मग ओल्या विटा वेगवेगळ्या. तो काही ओरडला नाही. ओरडायचा हक्क आपण आज एकदा वापरून टाकला आहे, हे त्याला कळत होतं. त्याने फक्त पाय दाबला, सगळं अंग सीटमध्ये रुतवून, दात आवळून, गुडघा थरथरेपर्यंत.

गाडी थांबली. गचका नाही, घसरणं नाही. जिथे थांबायची तिथे, भिंतीच्या अलीकडे हातभर. नळ्या किणकिणायच्या थांबल्या. इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं. तो अजून दाबूनच बसला होता.

तिने खाली, त्याच्या बाजूच्या रिकाम्या पत्र्यावर रोवलेल्या त्याच्या पायाकडे बघितलं.

"उचला आता," ती म्हणाली. "तिथे काही नाहीये."